विमलताईंचं पालथं ताट

रूथचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी भाकरी थापत होते. हात पिठानं भरलेले, म्हणून कोपरानंच फोन स्पीकरवर टाकला. रूथ सोलापूरहून बोलत होती. "मार्थामावशी, ताई गेल्या," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "काही खाल्लं होतं का त्यांनी?" …असं कुणी विचारतं का? किती वाजता गेल्या विचारावं, शेवटी काय बोलल्या विचारावं. माझ्या तोंडून मात्र हेच निघालं. रूथ म्हणाली, "काल संध्याकाळी दोन चमचे पाणी." मग मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली, दोन्ही बाजूंनी नीट भाजली, टोपलीत ठेवली, आणि उरलेला पिठाचा गोळा परातीत असा आपटला की पलीकडच्या घरातनं शमीमभाभी पळत आल्या. मला रडू आलं नाही. राग आला. आज सात आठवडे झाले, तो राग जागचा हललेला नाही, आणि हे सगळं मी त्या रागातच लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी खुशाल पान उलटावं.

विमलताई म्हणजे धाराशिवातल्या आमच्या घरातली सगळ्यात मोठी बाई. 'आमचं घर' म्हटलं की लोक विचारतात, कोण कोण असतं घरात, नातं काय तुमचं? नातं काहीच नाही. आम्ही ख्रिस्ती माणसं, आपापल्या गावांहून आलेली, एका गल्लीत एक घर घेऊन एकत्र राहतो. कधी सात जण होतो, कधी तीन. यंदा चौघं होतो… विमलताई, दाविदकाका, रूथ आणि मी. मठबिठ नाही हा, मिशनची शाखा नाही, कुणी पांढरा झगा घालत नाही. काका एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. रूथ शाळेत शिकवते. मी ब्लाउज शिवते. पहाटे साडेपाचला प्रार्थना, एक चूल, कामांच्या पाळ्या दाराजवळच्या पाटीवर खडूनं लिहिलेल्या, आणि संध्याकाळी साडेसातला सगळ्यांनी खाली बसून एकत्र जेवायचं. येशूचे पहिले शिष्य असेच राहायचे, मग आपल्याला काय धाड भरलीय, असं ताईंचं म्हणणं. आणि राहायचं तर गावाबाहेर तारेचं कुंपण घालून न्हाय, गल्लीत राहायचं, हेही त्यांचंच. त्यामुळं एका भिंतीला शमीमभाभी, समोर वाण्याचं किराणा दुकान, मागं पिठाची गिरणी, आणि नळाला पाणी आलं की सगळ्या गल्लीच्या घागरी आमच्या ओट्यावर.

सुरुवातीला गल्लीला वाटायचं, हे लोक बाटवायला आलेत. वाणी तर पहिले चार महिने सुट्टे पैसे सुद्धा हातात द्यायचा नाही, काउंटरवर ठेवायचा. ताईंनी कुणाला काही समजावलं नाही. त्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. ब्लडप्रेशरचं मशीन ओट्यावर आणून ठेवलं आणि दर मंगळवारी बसायला लागल्या. येईल त्याला दंडाला पट्टा बांधायचा आणि मग झापायचं. "लोणचं किती खाता? खरं सांगा! गोळी कधी चुकवली? तोंड उघडा, जीभ बघू." वाणी आला तेव्हा त्याचं प्रेशर असं निघालं की ताईंनी त्याला तिथंच आडवं केलं. त्या दिवसापासून तो त्यांना 'सिस्टरआक्का' म्हणायला लागला. गल्लीतल्या झाडून सगळ्यांना ताईंनी काय होतंय, कुठं दुखतंय, कधीपासून, हे विचारलं. ही बाई दुसऱ्याच्या पोटातलं काढून घ्यायची, एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी मुरुमची. नवरा गेल्यावर भावाच्या घरी वर्षभर राहिले. तिथं मी सगळ्यांना जड झाले होते, मला ते कळत होतं आणि माझ्या जिभेमुळं ते आणखी लवकर कळलं. बारा वर्षांपूर्वी एक पत्र्याची पेटी आणि शिलाई मशीन घेऊन धाराशिवला उतरले. ताईंनी चहा पाजला आणि त्याच दुपारी भांड्याच्या दुकानात नेलं. स्टीलचं एक ताट घेतलं आणि दुकानदाराला ताटाच्या पाठीवर नाव टाकायला सांगितलं. तो त्याच्या मशीनच्या सुईनं टुकटुक करत 'मार्था' असं कोरत बसला. ताई म्हणाल्या, "आता तू पाहुणी न्हायस. ताटावर नाव आलं म्हणजे भांडायचा पण हक्क आला." तो हक्क मी बारा वर्षं पुरेपूर वापरला, कुणालाही विचारा. केरसुणी उभी ठेवली म्हणून भांडले, वाळत घातलेल्या कपड्यांवर भांडले, प्रार्थना लांबली आणि डाळ करपली म्हणून दाविदकाकांशी भांडले. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली मार्था पण स्वयंपाकघरात अशीच चिडचिड करत होती, असं काका मला दर आठवड्याला ऐकवतात. ताई मात्र माझ्या भांडणाला कधी नाही म्हणाल्या नाहीत. "बोल, पोटात ठेवू नको, सडतं," म्हणायच्या.

आणि याच बाईनं न विचारायचा नियम केला. झालं असं, की सहा-सात वर्षांपूर्वी आमच्यात एक ख्रिस्ती भाऊ राहायला आला होता. नाव सांगत नाही, तो आता दुसरीकडं आहे आणि सुखी असावा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही लेंट म्हणून पाळतो, ज्याला जमेल तसा उपवास करायचा. या भावानं असा उपवास केला की सगळ्या गल्लीला त्याची खबर. आज कितवा दिवस, किती किलो उतरलो, डोळ्यांपुढं काय दिसलं. जेवायला बसलो की आमच्या ताटांकडं बघून उसासे टाकायचा. घास घशाखाली जायचा नाही. शेवटी एक दिवस मीच उठून म्हणाले की एक तर तुम्ही जेवा, नाही तर बाहेर जाऊन बसा. लई मोठं भांडण झालं. मग ताईंनी ठरवलं… ज्याचा उपवास आहे त्यानं पंगतीत सगळ्यांबरोबर बसायचं आणि आपलं ताट आपल्यापुढं पालथं घालायचं. तोंडानं काही बोलायचं नाही. बाकीच्यांनीही बोलायचं नाही, विचारायचं नाही, आग्रह करायचा नाही. ते त्याचं आणि देवाचं. सगळ्यांना पटलं. मला तर सगळ्यात जास्त पटलं. नवीन कुणी आलं की पहिल्याच दिवशी हा नियम मीच सांगायची, आणि कुणी मोडला तर माझ्याइतकं कुणी ओरडायचं नाही.

यंदा लेंट ज्या दिवशी सुरू होतं त्या बुधवारी ताईंचं ताट पालथं पडलं. त्यात नवल काहीच नव्हतं, त्या दिवशी आम्हा सगळ्यांचीच पालथी असतात. मग शुक्रवारी. मग सोमवारी पण. मार्च उजाडला तसं रोज संध्याकाळी त्यांचं ताट पालथं. पालथ्या ताटावर कोरलेलं नाव वर येतं, त्यामुळं रोज साडेसातला माझ्या समोर 'विमल' अशी अक्षरं असायची आणि मी त्यांच्या शेजारच्या ताटात डाळ वाढून पुढं सरकायची. सकाळी त्या दुधात भाकरी कुस्करून घ्यायच्या, तीही अर्धी राहायची. मला वाटायचं, उपवासानं पोट आक्रसलंय. दुपारी दोन घास घेताना ठसका लागायचा. मला वाटायचं, चटणी झणझणीत झाली. चौकातल्या दुकानातले गुलाबजाम म्हणजे ताईंचा जीव की प्राण. साऱ्या गल्लीला खाण्यावरनं झापणारी ही बाई स्वतः मात्र दुकानासमोर उभी राहून दोन-दोन हाणायची. यंदा काकांनी आणलेल्या वाटीतला गुलाबजाम त्यांनी नुसता पाक चाखून शमीमभाभींच्या नातवाला दिला. मला वाटलं, वा, गोड पण सोडलं! मनातल्या मनात मी त्यांचे पाय धरले हो, आणि आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बाकीच्यांचं एक वेळ सोडा. माझ्या हातात तर टेप होता. मी शिंपीण. ताईंचे ब्लाउज मीच शिवायची, त्यांचं चौतीसचं माप मला तोंडपाठ. मार्चच्या सुरुवातीला त्या म्हणाल्या, "मार्था, हे जरा आत घे, ढगळ होतंय." घेतलं. तीन आठवड्यांनी परत तेच ब्लाउज घेऊन आल्या. मी टेप लावला तर तीस. तीस! चार इंच बाई उतरली होती, मी माझ्या डोळ्यांनी आकडा वाचला, वहीत लिहिला आणि टीप मारली. मारताना म्हणाले काय, तर "ताई, देव तुमचं बघतो हो सगळं." त्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून माझ्याकडं बघत राहिल्या. मी सुईत दोरा ओवत होते.

यंदा लेंट आणि रमजान एकमेकांत आले होते. शमीमभाभी रोज संध्याकाळी भिंतीवरनं खजूर नाही तर भजी द्यायच्या. एक दिवस वाटी देता देता मला म्हणाल्या, "मार्थाबाई, एक विचारू का? रागवू नका. रोजा तर आमी बी धरतो, पण दिस बुडल्यावर मगरिबला सोडतो की! पोटभर खातो. तुमची दीदी सोडती कवा? मी तर तिला खाताना बघितलीच न्हाय. लई सुकली बगा." सरळ, साधा प्रश्न. उपवास म्हणजे काय हे ज्या बाईला पोटातनं माहीत होतं, तिनं विचारलेला. आणि मी उत्तर काय दिलं? "आमचा उपवास वेगळा असतो, भाभी. ते विचारायचं नसतं." वर मान करून दिलं. भाभींचा चेहरा पडला. "बरं बाई, तुमचं तुमाला म्हाईत," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर रूथनं विचारलं. आमच्या घरात येऊन तिला दोनच वर्षं झाली आहेत, पण पोरीचं लक्ष असतं. भांडी घासताना हळूच म्हणाली, "मावशी, ताईंना गिळायला त्रास होतो का? काल त्या पाणी पण थांबून थांबून पीत होत्या. विचारू का मी त्यांना?" मी हातातला तांब्या खाली आपटला. म्हणाले, "खबरदार! दोन वर्षं झाली तुला, एक नियम कळत नाही? त्यांच्या आणि देवाच्या मधे तू कोण गं?" पोर रडकुंडीला आली. पुन्हा नाही बोलली. दोघी विचारायला आल्या होत्या आणि दोघींच्या तोंडाला कुलूप मी घातलं. दुसऱ्या कुणी नाही.

मग ईस्टर आला. पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे उपवास त्या दिवशी संपतातच, तोंडात काही घातलं नाही असा ख्रिस्ती माणूस त्या दिवशी शोधून सापडायचा नाही. काकांनी पहाटेच जाऊन मटण आणलं होतं. मी वाटण घातलं, रूथनं भात केला, भाभींकडं डबा गेला, वाण्याकडं गुलाबजाम गेले. पंगत बसली आणि ताईंनी आपलं ताट पालथं घातलं. काकांचा हात वाढता वाढता थांबला. रूथनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं असे डोळे वटारले की तिनं मान खाली घातली. काकांनी घसा खाकरून प्रार्थना म्हटली, आणि आम्ही जेवलो. हो, जेवलो! मटण लई चांगलं झालं होतं, काकांनी दोनदा रस्सा घेतला. मनात आलं, काहीतरी मोठा नवस बोलला असेल ताईंनी, कुणासाठी तरी. एका तरी माणसाच्या डोक्यात यायला हवं होतं ना, की ईस्टरला कुणी उपवास धरत नाही! चर्चच्या पाळकापासून पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. पण आम्ही नियम पाळणारी माणसं. आम्हाला पालथं ताट दिसलं आणि आमची अक्कल तिथंच थांबली.

त्यानंतर दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट, मंगळवारची. ताई ओट्यावर प्रेशर तपासत होत्या. त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि ते तसंच्या तसं बाहेर आलं, नाकातोंडातनं. समोर शमीमभाभी दंडाला पट्टा बांधून बसलेल्या. भाभींनी पट्टा काढून फेकला, ताईंना धरलं आणि ओरडल्या, "बस झालं तुमचं विचारायचं न्हाय! रिक्षा आणा!" रिक्षात त्याच बसल्या, मी मागनं चपला शोधत धावले. दोन दिवसांनी सोलापूरला तपासण्या झाल्या. अन्ननलिकेचा कॅन्सर, रस्ता जवळजवळ बंद. डॉक्टरांनी विचारलं, गिळायला कधीपासून त्रास होतोय? मी म्हणणार होते, आठ-दहा दिवस. ताईंनी शांतपणे सांगितलं, "नाताळापासून. आधी भाकरी अडायची. फेब्रुवारीत भात अडायला लागला. आता पातळ पण." सिस्टर होत्या ना, केसपेपर भरावा तसं सांगितलं, तारखांसकट. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, तेव्हाच आल्या असत्या तर काहीतरी करता आलं असतं. मी तशीच आत गेले. आजारी माणूस आहे, हळू बोलावं, हे सगळं मला कळत होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"ताई, चार महिने? आमच्या शेजारी बसून चार महिने? आणि एका शब्दानं सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही, मार्था."

"तुम्हीच तर नियम केला, विचारायचं नाही म्हणून!"

"केला खरा…" त्या खिडकीकडं बघत म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं. खोटं बोलायला मला जमत न्हाय, तुला म्हाईत आहे. रोज ताट पालथं घालताना वाटायचं, आज मार्था विचारणार. तुझ्या तोंडाकडं बघायचे मी. तू डाळ वाढत असायचीस."

मी बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाजूच्या खाटेवरची बाई उठून बसली एवढं सांगते. नंतरच्या दिवसांत थोडं थोडं करत त्यांनी बाकीचं सांगितलं. त्या मूळच्या तेरच्या. त्यांच्या आईला हाच आजार झाला होता. आठ महिने पोटात नळी घालून जगवलं. ताई सुट्टी काढून घरी राहिल्या होत्या आणि स्वतःच्या हातानं त्या नळीतनं पेज घालायच्या. आईला बोलता यायचं नाही, हातानं खुणा करायची, काढ म्हणून. ताईंनी नळी काढली नाही. नाताळात स्वतःची भाकरी अडली तेव्हाच त्यांना कळलं काय आहे ते, आणि नळीची भीती बसली. सांगितलं की दवाखाना, दवाखाना की नळी. म्हणून ढकलत राहिल्या. लेंट आलं तेव्हा आयतं झाकण मिळालं. मला त्यांची भीती समजते. मी माझ्या आईला अशी खुणा करताना बघितलं असतं तर मीही घाबरले असते. पण अहो, नळी नको असं मला सांगितलं असतं तर मी डॉक्टरांच्या पुढं आडवी झाले असते, कुणाला हात लावू दिला नसता! ही भांडकुदळ बाई बारा वर्षं घरात कशाला ठेवली होती मग? दुसऱ्याची जीभ बाहेर काढून बघणाऱ्या बाईला स्वतःची जीभ हलवता आली नाही. पोटात ठेवू नको, सडतं, हे मला कोण सांगत होतं? …आणि तरी त्यांना नुसतं बोलून माझं भागत नाही. त्या वाट बघत होत्या. रोज, साडेसातला, माझ्याकडं बघून.

जूनच्या शेवटी त्या गेल्या, तोवर सोलापूरच्या दवाखान्यातच सलाईनवर आणि चमचा-चमचा पातळ पेजेवर होत्या. नळी घातली नाही, तेवढं मी पाहिलं. शेवटचा आठवडा रूथ त्यांच्याजवळ होती, मी एक दिवस घर बघायला म्हणून आले आणि नेमका तोच दिवस निघाला. धाराशिवला आणलं, आमच्या दफनभूमीत मातीला सगळी गल्ली आली. वाणी दुकान बंद करून आला, शमीमभाभी आपल्या सुनेला घेऊन आल्या. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. माणूस चांगला आहे, पण बोलायला लागला की थांबत नाही. म्हणाले, विमलताई शेवटपर्यंत उपवास करत प्रभूकडं गेल्या, अशी भक्ती आजकाल बघायला मिळत नाही, आपण सर्वांनी आदर्श घ्यावा. लोक माना डोलवायला लागले. मला राहवलं नाही. म्हणाले, "साहेब, उपवास नव्हता तो! त्यांना भूक लागत होती. घास उतरत नव्हता. आणि आम्ही समोर बसून मटण खात होतो." काकांनी माझं कोपर धरलं. मागं कुणीतरी बाई कुजबुजली, दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं. डोकं ठिकाणावर होतं माझं, चार महिन्यांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर आणखी एक नाटक सुरू झालं. संध्याकाळी पंगत मांडली तर काकांनी ताईंचं ताट आणलं आणि त्यांच्या जागेवर पालथं घातलं. डोळे पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ दे असंच. तिची आठवण म्हणून. रोज मांडू." पाळकसाहेबांना तर ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी रविवारी चर्चच्या मंडळीत सांगितलं, आणि दोन बायका ते ताट बघायला आल्या. बघायला! एकीनं हात जोडले. मी काकांना म्हणाले की हे ताट मला नजरेसमोर नको आणि तो नियमही नको. काका कधी नव्हे ते चढ्या आवाजात म्हणाले, "तिनं घालून दिलेलं एवढंच तर ऱ्हायलंय, मार्थे. ते बी मोडतीस व्हय?" त्यांचा आवाज फुटला म्हणून मी गप्प बसले. रूथ कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. सहा आठवडे मी ते ताट रोज मांडलं, रोज उचललं, रोज घासलं. न जेवलेलं ताट घासायचं म्हणजे काय, हे ज्याला करावं लागतं त्यालाच कळेल. घासताना कोरलेल्या नावात राख अडकायची, ती बोटानं काढायची.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी पंगत बसली. मी भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी घेऊन आले आणि बघते तर दोन ताटं पालथी. एक ताईंचं, एक काकांचं. काका डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसलेले. मी रूथकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती, पण यावेळी तिनं मान खाली घातली नाही. मी पिठल्याचं पातेलं खाली ठेवलं.

"काका, जेवत का नाही?"

त्यांनी डोळे उघडले. "मार्थे, ठरलंय न्हवं आपलं? इचारायचं न्हाय."

"तुमचं ठरलं असेल. मी विचारणार. आज विचारणार, उद्या विचारणार. जेवत का नाही?"

"उपास हाय."

"कसला उपास? गुरुवारचा? आपल्यात कुणी धरलाय आजपर्यंत? काल काय खाल्लं? परवा? तोंड उघडा."

"आगं ए, काय लावलंयस तू…"

"तोंड उघडा म्हणते ना! घास उतरतो का? पाणी उतरतं का? सांगा!" माझा आवाज भिंतीपलीकडं गेला असणार, कारण तिकडची भांडी वाजायची थांबली. काकांनी गालावर हात ठेवला आणि लहान पोरासारखं तोंड वाकडं करून म्हणाले, "दाढ… दाढ ठणकतीय लई. चार दिस झाले. डॉक्टर उपटतो म्हणून भ्या वाटतंय."

रूथला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली आणि मग तिला दोन्ही थांबवता येईना. भिंतीवरनं भाभींचा आवाज आला, "काय झालं गं बाई?" मी ओरडून सांगितलं, "काही नाही भाभी, काकांची दाढ!" "लवंग देते," भाभी म्हणाल्या. मी उठले. ताईंचं ताट उचललं, मोरीवर नेऊन विसळलं, पदरानं पुसलं. सकाळचा भात होता, तो गरम दुधात घालून हातानं मऊ कालवला, मिठाची कणी टाकली, आणि ते ताट सरळ करून काकांच्या पुढं ठेवलं. काका चपापले. "ह्यात? तिच्या ताटात?" म्हणाले. "ह्यातच. खोलगट आहे, दूध सांडत नाही," मी म्हणाले. त्यांनी जरा वेळ ताटाकडं बघितलं. मग एक घास घेतला, गाल सांभाळत, दुसऱ्या बाजूनं चावत. मग दुसरा.

ते ताट आता रोज मांडलं जातं, सरळ. ज्याला बरं नसेल त्याला त्यात वाढायचं, आणि वाढण्याआधी काय होतंय, कधीपासून, ते सांगायचं, असं मी पाटीवर खडूनं लिहून ठेवलंय. पाळकसाहेबांना आवडलं नाही म्हणे. माझा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. ताई, तुमच्यावर आहे आणि माझ्यावर जास्त आहे. पण त्या गुरुवारी काकांनी ताट पुसून खाल्लं, तळाशी स्टील दिसायला लागलं, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघून विचारलं, "अजून वाढू?"